लग्नपत्रिकेच्या पाठीवरचा फुलबॅक

कॉलेजात मी एकच वर्ष होतो. त्या वर्षात मी इंग्रजीत नापास झालो, गणितात नापास झालो आणि फुटबॉलच्या संघात घ्या म्हणून गेलो, तिथंही नापास झालो. कप्तानानं मला चेंडू मारून दाखवायला सांगितलं. मी जोर लावून लाथ मारली. चेंडू जागेवर राहिला आणि पायातली वहाण गोलात गेली.

तरी त्यांनी मला हाकललं नाही. मैदानाच्या एका अंगाला ओढा होता. चेंडू सारखा त्यात जायचा आणि तो काढून आणायला चिखलाची भीती नसलेला मुळशीकडचा गडी त्यांना हवाच होता. पुण्याची पोरं ओढ्यात उतरताना धोतर-विजार सावरायची, नाक दाबायची. मी भातखाचरात वाढलेलो. वर्षभर मी गुडघाभर पाण्यात उभं राहून फुटबॉल पाहिला. तिथून खेळाडूंची नुसती डोकी दिसायची. चेंडू कुणाकडं आहे हे कळायचं नाही, पण कोण घाबरलाय, कोण चिडलाय, कुणी कुणाला शिवी दिली, हे सगळं कळायचं. त्यामुळंच असेल, मला खेळापेक्षा चेहऱ्यांचा नाद लागला.

निकाल लागल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "झालं का शिक्षान?"

"झालं," मी म्हणालो.

"मग म्हशी वाट बघत्यात."

ही देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली त्या सुमाराची गोष्ट. आमचं गाव पिरंगुटाच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. पहाटेच्या एस.टी.च्या टपावर दुधाच्या किटल्या चढवायच्या, पुण्यात उतरून घरोघर दूध घालायचं आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं, हे माझं काम झालं. माझ्या गिऱ्हाइकांत त्या कॉलेजच्या वसतिगृहाची खानावळही होती. म्हणजे कॉलेजनं मला काढलं तरी माझं दूध काढलं नाही. संघात यंदा कोण नवीन आलं, कुणाचा गुडघा गेला, कोण प्रेमात पडल्यामुळं चेंडू सोडून झाडाकडं बघतो, हे सगळं मला खानावळीच्या आचाऱ्याकडून रोज ताजं मिळायचं.

कॉलेजच्या फाटकासमोर एका फोटोग्राफरचं दुकान होतं. म्हातारा, पारशी टोपी घालणारा, पण पारशी नसलेला. कुणीतरी ती टोपी फोटो काढायला घालून आला आणि विसरून गेला, तेव्हापासून हा घालायचा. स्पर्धेत उतरायचं तर खेळाडूला ओळखपत्र लागायचं आणि ओळखपत्राला फोटो. म्हातारा प्रत्येकाच्या तीन प्रती काढायचा. दोन कॉलेजात जायच्या. तिसरी खेळाडूनं येऊन न्यायची. पण ती न्यायला कोणी येत नसे, कारण फोटो बघितल्यावर कुणालाच तो आपला आहे असं म्हणावंसं वाटत नसे.

त्याचं कारण कोट. दुकानात एकच काळा कोट आणि एकच ठिपक्यांचा टाय होता. फोटो काढायला येईल त्याला म्हातारा तो कोट चढवायचा. बारीक पोराला तो पाठीमागून चिमट्यांनी आवळून बसवायचा; जाड पोराला नुसता पुढून पांघरायचा. त्यात ती पोरं साताऱ्या-नगराकडची, कोट पहिल्यांदाच अंगावर आलेला, डोक्यावर तेल थापलेलं. कॅमेऱ्याकडं अशी बघायची की जणू त्यातून आता पोलीस बाहेर येणार आहे.

मला ते फोटो फार आवडले. म्हाताऱ्यानं एकदा खण उघडून दाखवले तेव्हा मी मागितलेच.

"काय करणार?" त्यानं विचारलं.

"जमवणार."

"कशाला?"

मी किटलीचं झाकण उघडलं. त्या आठवड्यात आमची म्हैस व्याली होती आणि मी त्याच्यासाठी चिकाचं दूध आणलं होतं. त्याचा खरवस खाल्ल्यावर त्यानं तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिथून पुढं दर पावसाळ्यात संघात नवीन आलेल्या पोरांचे फोटो मला मिळू लागले. फक्त नवीन पोरांचे, कारण एकदा काढलेला फोटो कॉलेज संपेपर्यंत चालायचा. ज्याला पुढं सगळं पुणं ओळखू लागलं, तो सेंटर फॉरवर्डसुद्धा माझ्याकडं होता तो पहिल्या दिवशीचा, कानामागं तेलाचा ओघळ आलेला.

सुटे फोटो गुंडाळायचे. त्यांना पाठीमागून काही जाड हवं होतं. आमच्या गावात जाड कागद एकच मिळायचा, तो म्हणजे लग्नपत्रिका. पुण्याच्या छापखान्यातून आलेल्या चांगल्या टणक पत्रिका लग्न झालं की चुलीत जायच्या. मी त्या जमवून आणल्या, नीट कापल्या आणि कोऱ्या बाजूला खळीनं फोटो चिकटवले. पुढं फोटो, मागं गणपती. फोटोखाली बारीक अक्षरात माहिती लिहायची. 'सेंटर हाफ. दमत नाही. चहा पीत नाही.' 'उजवा आउट. पळतो छान, थांबता येत नाही.' 'फुलबॅक, डावा. मजबूत. चेंडू नाही मिळाला तर माणूस काढतो.' हे सगळे पुठ्ठे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात होते आणि डबा माझ्या खाटेखाली. दुपारी जेवण झालं की मी त्यांचे संघ मांडायचो. अकरा इकडं, अकरा तिकडं. मधे हरभऱ्याचा दाणा चेंडू म्हणून.

आमच्या घरात माझी आत्या राहायची. तिला वाचता येत नव्हतं, पण त्याची तिला अडचण कधी झाली नाही. न वाचताच तिला सगळ्या गावाचं ठाऊक असायचं. एक दिवस पापड ठेवायला डबा शोधत ती खाटेखाली शिरली आणि तो डबा घेऊन बाहेर आली. उघडून बघते तर एकाहून एक तरणी पोरं, कोट घातलेली, टाय लावलेली, आणि प्रत्येकाच्या पाठीवर लग्नपत्रिकेचा गणपती. मी तेव्हा पुण्याला होतो. संध्याकाळी आलो तर डबा जागेवर होता, आत्यानं मला ताटात दोनदा तूप वाढलं. मला वाटलं, म्हशीनं दूध जास्त दिलं असेल.

आठवड्याभरानं नांद्याचे एक पाव्हणे आले. फेटा, कोपरी, हातात छत्री. चहा झाला, पावसाचं झालं, मग ते म्हणाले, "तुमच्याकडं पुन्यातल्या पोरांचं फोटू हायेत म्हनं."

माझा आनंद काय सांगू! इतक्या वर्षांत आमच्या भागात फुटबॉलचं कुणी नाव काढलं नव्हतं आणि हा माणूस भर चिखलात नांद्याहून चालत माझा संग्रह बघायला आला होता. मी डबा आणला, सतरंजीवर सगळे मांडले.

पाव्हण्यांनी चष्मा पुसला. "ह्ये समदे एकाच घरातले काय?"

"एकाच कॉलेजातले."

"कोट येकच दिसतुया."

"कोट दुकानातला हाय."

ते त्यांना पटलं. त्यांनी सेंटर हाफवर बोट ठेवलं. "ह्यो कसा हाय?"

"ह्यो मधे असतो. पुढच्यालाबी सांभाळतो, मागच्यालाबी सांभाळतो."

"वा! असाच पायजे. आनि ह्यो?"

"ह्यो डाव्या पायानं मारतो."

पाव्हणे दचकले. "मारतो?"

"लई जोरात. गेल्या पावसाळ्यात एकाच्या छातीवर बसला, त्यो खालीच गेला."

"आनि त्येला कोन काय म्हनत न्हाई?"

"म्हनत्यात की. टाळ्या वाजवत्यात."

पाव्हण्यांनी तो पुठ्ठा बोटाच्या टोकानं लांब सरकवला. मग दुसऱ्याकडं वळले. "ह्येच्याबद्दल कायतरी शांत सांगा."

"ह्यो शांतच हाय. गोलकीपर. दिवसभर घरात उभा राहिल्यासारखा एका जागी उभा. कुनाला आत येऊ देत न्हाई."

"पाव्हन्यारावळ्यालाबी?"

मला तो प्रश्न जरा विचित्र वाटला, पण मला वाटलं, नवखा माणूस आहे, हळूहळू कळेल. मी उत्साहानं पुढं म्हणालो, "बघायचं असतील तर लवकर बघा. ह्यातली काही पोरं यंदाच नवीन आली हायेत. चांगली निघाली, की दुसऱ्या कॉलेजवाले पळवत्यात."

"पळवत्यात!" पाव्हणे उठूनच उभे राहिले. "मंग लवकर सांगा, ह्या मधल्याचं कूळ काय? जमीन किती?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आत्याकडं बघितलं. आत्या दाराआडून मला हातानं खुणावत होती, की बोल, बोल, पुढं बोल.

पाव्हणे गेल्यावर मी आत्यावर ओरडलो. "ही फुटबॉलची पोरं हायेत! खेळायची! लग्नाची न्हाईत!"

"खेळत्यात म्हंजी धडधाकट असतील," आत्या म्हणाली. "लगीन झालंय का त्यांचं?"

"मला काय ठाऊक!"

"मंग कशाला गळा काढतुयास? इतकी तरनी पोरं डब्यात कोंडून ठिवलीस. आनि गावात पोरी बिनलग्नाच्या."

माझी आई तर त्याहून पुढं गेली. ती म्हणाली, "दुसऱ्यांची जमवतोस, तुजाबी एक फोटू ठेव की त्या डब्यात." मी म्हणालो, माझा कसा ठेवता येईल, मी संघात नव्हतो. आई कपाळाला हात लावून भाकरी थापायला गेली.

पुढं दोन महिने घरात मुलीवाल्यांची रीघ लागली. कोण भूगावहून आलं, कोण कासारसाईकडून. मी प्रत्येकाला समजावून सांगायचो आणि प्रत्येकजण समजल्यासारखी मान हलवून विचारायचा, "बरं, पन ह्यो कसा हाय?" शेवटी मीच दमलो. खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं होतं. लोक माझा संग्रह इतक्या बारकाईनं बघत होते की विचारू नका. दाताला दात लागतो का, कपाळ केवढं आहे, नजर सरळ आहे का. मी स्वतःही कधी इतकं बघितलं नव्हतं.

त्यांतच उरवड्याचे पाव्हणे आले. मोठं खटलं, आंबेमोहोराची खाचरं, दारात बैलजोड्या. आवाज असा, की बोलले तर वाटायचं पलीकडच्या डोंगरावर कुणाला हाक मारतायत. त्यांच्या मुलीनं सातवीची फायनल दिलेली होती आणि आलेली तीन स्थळं तिनं नाकारली होती. त्यांनी सगळे फोटो एकदा बघितले आणि डाव्या फुलबॅकचा पुठ्ठा उचलला. खाली मी लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. "चेंडू न्हाई मिळाला तर मानूस काढतो. अस्सं! शेताच्या बांधावर असाच जावई पायजे."

आणि तो पुठ्ठा त्यांनी खिशात घातला.

"अहो, त्यो नेऊ नका," मी कासावीस झालो. "माझा संघ फुटतो."

"घरात दावून आनतो," म्हणाले आणि गेले.

महिना झाला तरी पुठ्ठा आला नाही. मी उरवड्याला गेलो तर त्यांच्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी माझा फुलबॅक उभा होता, कपाळाला हळद, पायाशी झेंडूचं फूल. मी हात जोडले. कुणाला जोडतोय ते मलाच कळेना.

"देवानं कौल दिला," पाव्हणे म्हणाले. "आता पोरगा बघायचा. पन घरी जाऊन न्हाई बघायचा. घरी समदी पोरं गरीब गाय असत्यात. खेळताना बघायचा. त्येची म्याच कुटं हाय?"

अशा रीतीनं गौरी-गणपती झाल्यावर एका दुपारी आमची वरात पुण्याच्या मैदानावर पोचली. उरवड्याचे पाव्हणे, त्यांची बायको, लुगडं घ्यायच्या निमित्तानं आणलेली मुलगी, माझी आत्या आणि मी. सोबत चटणी-भाकरीचं गाठोडं. सकाळपासून पाऊस होऊन गेला होता. मैदान म्हणजे नांगरलेलं खाचर. खेळ सुरू झाल्यावर पहिल्या थोड्या वेळातच बावीसच्या बावीस जण एका रंगाचे झाले.

"आपला कंचा?" पाव्हण्यांनी विचारलं.

आता माझीही पंचाईत होती. नवीन पोरांना मी फोटोतच ओळखायचो. पहाटे दूध घालायला जायचो तेव्हा ती झोपलेली असायची. पण जागेवरून कळत होतं. "त्यो बघा, डाव्या हाताला, मागं. गोलाच्या पुढं उभा हाय त्यो."

तेवढ्यात त्या फुलबॅकनं समोरून येणाऱ्याला असा खांदा दिला की तो माणूस घसरत आमच्या पायाशी आला.

"शाबास!" पाव्हणे गरजले. पंच थबकले.

दुसऱ्या वेळी फुलबॅकलाच कुणीतरी पाडलं. पाव्हणे छत्री घेऊन थेट मैदानात शिरले. "आमच्या पोराला पाडतुयास?" मी आणि आत्यानं त्यांना धोतराला धरून मागं ओढलं. आत्यानं जाता जाता पंचालाही दोन शब्द सुनावले. शिट्टी वाजवून मधे मधे पोरांचा खेळ मोडतो, याची तिला आल्यापासून चीड आली होती.

मुलगी मात्र खेळ सोडून एकेकाचा चेहरा न्याहाळत होती. मध्यंतर झालं, पोरं तोंडं धुऊन एकत्र बसली, तेव्हा तिनं आत्याच्या कानात काहीतरी सांगितलं. आत्यानं ते सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात आम्हाला सांगितलं. "ती म्हनतीया, ह्यो त्यो न्हाईच!"

"कोन न्हाई?"

मुलगी आता स्वतःच बोलली. "फोटूतला ह्यो न्हाई. फोटूतला त्यो हाय. त्यो लिंबं वाटतोय त्यो." महिनाभर रोज देवघरात दिवा लावताना तिनं तो फोटो बघितला होता. "त्येच्या भिवईवर वन हाय. फोटूतबी हाय."

मी निरखून बघितलं. कापलेल्या लिंबांची परात घेऊन एक सावळासा, लाजरा पोरगा खेळाडूंमधून फिरत होता. त्याच्या भुवईवर खरंच व्रण होता. म्हाताऱ्या फोटोग्राफरनं एकाच दिवशी आलेल्या दोन पोरांच्या पाकिटांवर नावं उलटी लिहिली होती. मी पाकिटावरचं बघून फुलबॅकची सगळी माहिती या पोराखाली लिहून टाकली होती.

"आनि ह्यो कोन म्हनायचा?" पाव्हण्यांचा आवाज चढला.

"ह्यो राखीव हाय," मी म्हणालो.

"राखीव?" पाव्हणे लाल झाले. "कुनासाठी राखीव ठिवलाय? आदुगर सांगायचं का न्हाई? दुसऱ्यांची बोलनी झाली असताना आमी हितं भिजतुया!"

"तसं न्हाई हो. कुनाला लागलं, कुनी पडला, तर त्येच्या जागी खेळायचं. तवर मोकळा."

"मंग आतापातुर किती येळा खेळला?"

"एकदाबी न्हाई. लिंबं वाटतो."

पाव्हण्यांना हे फार लागलं. जावई माणसं काढणारा मिळाला असं ते सगळ्या उरवड्याला सांगून बसले होते. ते तसेच उठले आणि चिखलात बसलेल्या खऱ्या फुलबॅकसमोर जाऊन उभे राहिले. "पोरा, तुला लगीन करायचंय का?"

फुलबॅकनं तोंडातलं लिंबू काढलं. "माजं झालंय मामा. पोरगं रांगतंय."

पाव्हणे परत आले आणि छत्रीवर दोन्ही हात टेकून गप्प बसले. इतका वेळ गप्प बसलेले ते पहिल्यांदाच दिसले, असं त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं.

एवढ्यात तो लिंबांचा पोरगा परात घेऊन आमच्याकडं आला. खेळाडूंना वाटून चार फोडी उरल्या होत्या. त्यानं आधी आत्याला दिली. आत्यानं चोखली आणि तोंड वाकडं केलं. "आंबट हाय रं!"

पोरानं खिशातून कागदाची पुडी काढली, उघडली आणि तिच्यापुढं धरली. मीठ होतं.

आत्यानं मीठ लावून लिंबू खाल्लं. पुडीकडं बघितलं, पोराकडं बघितलं, मग पाव्हण्यांकडं वळून म्हणाली, "दुसऱ्याला आंबट लागंल म्हनून जो खिशात मीठ घिऊन हिंडतो, त्यो संसार करील. मानसं काय, कुनीबी काढतंय."

मुलीनं परातीतली फोड उचलली. मीठ नको म्हणाली.

उरलेल्या खेळाकडं आमच्यापैकी कुणाचं लक्ष नव्हतं. कॉलेज हरलं की जिंकलं हेही मला आठवत नाही, आणि माझ्यासारख्याच्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे. चौकशी केली तेव्हा पोरगा भोरकडचा निघाला. घरची भातशेती, कुळाला कूळ जुळणारं, आणि घरच्यांनाही तो कॉलेजात फुटबॉल खेळतो असंच वाटत होतं. त्यांचा गैरसमज कुणी दूर केला नाही.

तुळशीचं लग्न झाल्यावर उरवड्यात मांडव पडला. सगळा संघ वऱ्हाडात आला. आता ते आपापल्या कपड्यांत होते आणि मला एकही ओळखू येईना. मी एकेकाला जाऊन विचारत होतो, "तुम्ही उजवे का डावे?" मुलीकडच्या बायकांना वाटलं, मी पंगतीची व्यवस्था बघतोय. फुलबॅक मला स्वतः येऊन भेटला. आपण महिनाभर दुसऱ्याच्या फोटोखाली कुणाच्या तरी देवघरात होतो हे त्याला कळलं होतं आणि त्यानं ते घरी बायकोला पत्रानं कळवलंही होतं. ती म्हणे अजून बोलत नव्हती.

पंगतीला बुंदी होती, वांग्याची भाजी होती आणि आंबेमोहोराचा भात. वसतिगृहाच्या आमटीवर दिवस काढणारी ती पोरं. गोलकीपरचं जेवण बघायला तर गावातली माणसं गोळा झाली. एरवी येईल ते अडवणाऱ्या त्या माणसानं वाढपी आला की एकदाही हात आडवा केला नाही.

त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. लग्नानंतर दोनच दिवसांनी मोठ्या स्पर्धेतला सामना होता आणि निम्मा संघ पोट धरून वसतिगृहात पडला. कप्तानानं उरवड्याला माणूस धाडला, की जावईबापूंना पाठवा, खेळायला माणूस उरला नाही.

जावईबापू एकटे कसे जातील? पाव्हण्यांनी कोळशाची वाहतूक करणारा एक ट्रक थांबवला. त्यात नवरदेव, नवरी, करवल्या, भाऊबंद, ताशावाला, आत्या आणि मी. पुण्यात उतरलो तेव्हा सगळेच्या सगळे काळे झालो होतो. नवरदेवाच्या हातांची हळद तेवढी दिसत होती. त्यानं कपडे बदलले, कुणाचे तरी बूट घातले आणि आयुष्यात पहिल्यांदा परात न घेता मैदानात गेला. ताशा वाजला. पंचांनी तो बंद करायला सांगितला. आत्यानं पंचांना ओळखलं, हे तेच होते, आणि ताशा परत सुरू करायला लावला.

खेळाचा बराच वेळ जावयाच्या वाटेला चेंडू आलाच नाही. तो आपल्या जागी नम्रपणे उभा होता. पुढून कुणी पळत आला तर बाजूला सरून वाट द्यायचा. पाव्हणे तळमळत होते. "पुढं व्हा! अवो पुढं व्हा!" नवरी पदराआडून हसत होती. दोन्हीकडं गोल नव्हता, वेळ संपत आली होती, आणि अशात समोरच्यांच्या कुणीतरी उंच मारलेला चेंडू सरळ जावयाच्या दिशेनं, आमच्या गोलासमोर खाली येऊ लागला.

सगळ्या मैदानानं माना वर केल्या. पाव्हणे मात्र छाती फुटेल असे ओरडले, "धरा जावई! धरा!"

सासऱ्यांची आज्ञा. जावयानं दोन्ही हात वर केले आणि चेंडू अचूक धरला. अगदी छातीशी. तसा चेंडू गोलकीपरलाही वर्षभरात धरता आला नव्हता.

उरवड्याच्या माणसांनी एकच जल्लोष केला. ताशावाला नाचायला लागला. पाव्हण्यांनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी पुढं पडलो. फक्त जावई तिथं चेंडू घेऊन उभा होता आणि आपण काय केलं हे हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उमटत होतं. पंचांनी पेनल्टी दिली. गोल झाला. आम्ही हरलो.

पंचांशी काय बोलायचं ते आत्यानं बोलून घेतलं. संघातल्या पोरांनी जावयाला काही म्हटलं नाही. बुंदी सगळ्यांच्याच लक्षात होती. कप्तान एवढंच म्हणाला, की धरलास मात्र छान.

परतीच्या वाटेवर ट्रक पौड रस्त्यानं हेलकावे खात निघाला. नवरदेव दमून कोळशाच्या रिकाम्या पोत्यांवर झोपला होता, नवरीनं त्याच्या बुटांच्या गाठी सोडल्या. मी माझ्या पुठ्ठ्याचं विचारलं, तर पाव्हणे म्हणाले, त्यो आता देवघरातला झाला, तिथून हलवता येत न्हाई. मग त्यांनी मला जवळ बोलावून आवाज जमेल तितका खाली आणला.

"येक सांगू का? तुमी शिकलेली मानसं, राग मानू नका. हारलो त्येचं कारन मला कळलंय. समदी पोरं पायानं खेळत व्हती. आमचा येकटा हातानं खेळला. येकट्यानं किती करावं?"

आत्या म्हणाली, "तेच म्हनतीया मी."